घोट्यावरचं घड्याळ

शिवणकाकूंना घडीची फुरसत नाही म्हणावं, तर बाई दिवसभर बसलेलीच असायची. खिडकीशी पायमशीन, शेजारी गणवेशांचा ढीग आणि समोर पलंगावर काका, म्हणजे त्यांचे यजमान. काका बसड्रायव्हर. गेल्या वर्षी त्यांची डावी बाजू लुळी पडली, आणि जन्मभर लोकांना घरी पोचवणारा हा माणूस पलंगावरून दारापर्यंत पोचेना.

त्यांना उभं केलं ते व्यायामताईनं. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर तिची खोली: भिंतीला दांड्या, मोठा आरसा, चार खुर्च्या. फी नाही. काका वैतागून काठी भिरकावायचे, आणि ही पोरगी ती उचलून परत त्यांच्या हातात द्यायची. आता फरफटत का होईना, काका आपले आपण न्हाणीत जात. आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी या पोरीचे उपकार फिटायचे नाहीत, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगत.

आणि नेमकी तीच खोली बंद पडायची वेळ आली. भाडं देणाऱ्या संस्थेनं हात टेकले. एक कंपनी वर्षभराचं भाडं द्यायला तयार झाली, पण अट घालून. खोलीशी संबंध असलेल्या सगळ्यांनी मिळून महिन्याभरात ठरलेलं अंतर चालायचं. ज्यानं त्यानं आपापल्या जागी चालावं, मनगटावरचं घड्याळ पावलं मोजेल आणि बेरीज मोबाइलवर दिसेल. कंपनीनं घड्याळंही पाठवली. ताईनं सगळ्यांना वाटली. पेशंटांनाही, उगीच त्यांना वाईट वाटायला नको म्हणून.

काकूंचं घड्याळ शिवताना कापडात अडकायचं, धागे ओढायचं. त्यांनी ते सरळ घोट्यावर बांधलं. घड्याळाला काय, हात काय नि पाय काय!

पंधरवड्यात काकू यादीत सगळ्यांच्या वर. रोज पहाटे पळणारा पेपरवालासुद्धा त्यांच्या मागे. सगळ्यांनी मोबाइलवर कौतुक केलं आणि काकूही थोड्या फुशारल्या. भाजीला जाता-येता आपलं बरंच चालणं होतं की, असं त्यांना वाटलं.

मग एका दुपारी काकू कॉलर शिवत असताना काका पलंगावरून त्यांच्या पायाकडे बोट दाखवून हसायला लागले. काकूंनी वाकून पाहिलं. मशीन चालवणारा त्यांचा पाय खालीवर होत होता आणि घड्याळातला आकडा धावत सुटला होता. त्यांनी मशीन थांबवलं, तसा आकडाही थांबला.

बोलावं तर खोली जाते, न बोलावं तर जेवण गोड लागत नाही. खोटी पावलं घालून वाचवलेल्या खोलीत नवऱ्याला खरं पाऊल टाक म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून दोघं ताईकडे गेली. काकूंनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

"ताई, यात माझं चालणं मूठभर आहे. बाकी सगळं मशीनचं. काढून टाक बाई."

ताई आधी खो-खो हसली. मग तिनं बेरीज पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. काकूंची पावलं वजा केली तर मोठं खिंडार पडत होतं आणि महिना संपत आला होता. काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या.

तिकडे काका दांडी धरून चालायला लागले होते. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात नेहमीसारखं शून्य. सगळ्याच पेशंटांचं तसं. दांडी धरलेला हात हलत नाही, आणि हात हलला नाही तर घड्याळाला चालणं कळत नाही.

ताईनं एकदा टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग ती त्यांच्यापाशी उकिडवी बसली, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि त्यांच्या चांगल्या पायाच्या घोट्यावर बांधलं.

"काका, आरशापर्यंत चला."

काका गेले. ताईनं वाकून पाहिलं. शून्य हललं होतं.

मग काय, खोलीतल्या प्रत्येक घोट्यावर घड्याळ चढलं. निवृत्त मास्तर जिन्याच्या चौकात चालले, बँकेतल्या बाई नातवाचा खांदा धरून गच्चीत चालल्या. पेपरवाल्यानं फेरी लांबवली. काकूंनी शिवताना घड्याळ खिळ्याला टांगलं, आणि संध्याकाळी काकांबरोबर अंगणात फेऱ्या मारल्या. शेवटच्या दिवशी दुपारी अंतर पुरं झालं. शेवटचं पाऊल आपलंच, असं काका आजही ठासून सांगतात, आणि कोणी वाद घालत नाही.

त्या संध्याकाळी काकू काकांना घेऊन ताईचे आभार मानायला गेल्या. बोलायचं घरून ठरवून आल्या होत्या, पण नुसते ताईचे हात धरून उभ्या राहिल्या. निघताना ताई काकांच्या घोट्यावरचं घड्याळ सोडायला वाकली. काकांनी पाय मागे घेतला.

"राहू दे," ते अडखळत म्हणाले. "घरापर्यंतचं मोजायचंय."

बाहेर रिक्षा उभी होती. काकूंनी रिक्षावाल्याला हातानंच जायला सांगितलं आणि त्या काकांच्या मागून चालू लागल्या.