आधी काय वाचवायचं

घरचा कॉम्प्युटर अधूनमधून बंद पडायला लागला, तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याचं मत सरळ होतं, नवीन घेऊ. तो उरणकडे बंदरावर नोकरी करतो. तिथे यंत्र कुरकुरलं की बदलतात. मी घरी बसून छापखान्यांसाठी मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन करते. माझं सगळं काम त्या कॉम्प्युटरवर अवलंबून होतं. शिवाय जे अजून चालू होतंय त्याला मेलेलं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

मी स्वतःच शोधायला बसले. आधी संशय यूपीएसवर घेतला, कारण तो मधूनच पीं पीं करायचा. वायर काढून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली, तरी तेच. मग लक्षात आलं की कॉम्प्युटर दर वेळी वीसेक मिनिटांनीच बंद पडतो आणि तेव्हा त्याच्या डब्याला हात लावला तर चटका बसतो. बाजूचं झाकण उघडलं. आमच्या नवीन पनवेलच्या घरासमोर जुन्या इमारती पाडून दोन वर्षं टॉवर उभे राहत होते. त्या सगळ्या बांधकामाची धूळ आत पंख्यावर गोधडीसारखी बसली होती. पेन्सिलीने पंखा अडवून धरला, रंगाच्या कोरड्या ब्रशने सगळं झाडलं आणि झाकण लावलं. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडला नाही. मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. नवऱ्याला तर दोनदा.

त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या कामाखेरीज दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे आमच्या मुलीचे लहानपणीचे फोटो. ती आता शिकायला पुण्यात असते. ज्या सीडींवरून ते फोटो उतरवले होते त्या मी घर आवरताना टाकून दिल्या होत्या.

दुसरी गोष्ट माझ्या सासऱ्यांची. त्यांचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं. तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मिठागर. गावातल्या प्रत्येक शेताला नाव होतं, प्रत्येक बांधाला होतं, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या प्रत्येक उघाडीलाही होतं. ती नावं आता कुठल्याच कागदावर नाहीत. दुपारचा चहा झाला की बाबा बोलायचे आणि मी फोनवर रेकॉर्ड करायची. फोन भरला की सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, फोनवरचं पुसायचं आणि सवडीने टाइप करायचं. पस्तीस-चाळीस दुपारी झाल्या होत्या. टाइप जेमतेम एक तृतीयांश झालं होतं.

पंखा साफ केल्यावर दीडेक महिन्याने आतून टक् टक् असा आवाज यायला लागला. मला वाटलं, ब्रशचा केस पंख्यात अडकला असेल. पुन्हा उघडून साफ केलं. आवाज राहिला. फाइल उघडायला वेळ लागायचा, पडदा गोठायचा. मी बंद करून परत चालू करायची आणि तो चालायचा. एकदा दुरुस्त केलंय म्हणजे मला कळतं, अशी माझी समजूत झाली होती. सगळं एकदा दुसरीकडे उतरवून ठेवायला हवं हे मनात यायचं. मुलीच्या टेबलाच्या खणात पेनड्राइव्ह होता. रविवारी करू म्हणत चार रविवार गेले.

मग एका दुपारी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. कॉम्प्युटरला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती. मी बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. बाबा मागे खुर्चीवर बसले होते. मी पुन्हा पुन्हा बटण दाबताना बघून त्यांनी विचारलं, माझं सांगितलेलं गेलं का? मी म्हटलं, काही जात नाही बाबा. मला काहीच माहीत नव्हतं. मी चालू-बंद करत राहिले. सातव्या की आठव्या खेपेला चित्र आलं, फोल्डर दिसले. एकावर क्लिक केलं आणि सगळं गोठलं. टक् टक् मात्र चालूच.

जुन्या पनवेलमध्ये एका बाईंचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्या पूर्वी टायपिंगचे क्लास घ्यायच्या. डबा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. बाबा ऐकेनात, तेही आले. बाईंनी डबा जोडला, कान लावून ऐकला आणि लगेच बटण बंद केलं. मी किती वेळा चालू केला हे विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी डिस्क बाहेर काढली. मुंबईत अशा डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण खात्री त्याही देत नाहीत आणि अनेक आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं. इथे करायचं तर ही डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून निघेल तेवढं काढायचं. मी म्हटलं, इथेच करा. वाट बघण्याची ताकद माझ्यात नव्हती.

"मग आधी काय हवं ते ठरवा," त्या म्हणाल्या. "सगळं निघेल असं मी म्हणणार नाही. मध्येच थांबली तर परत चालू होणार नाही."

माझ्या कामाचा आणि बाबांचा टाइप केलेला मजकूर अगदीच लहान होता, तो मिनिटभरात आला. जड होते ते फोटो आणि आवाज.

बाबा काउंटरला धरून उभे होते. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "पयले पोरीचं फोटो घे. मी हाय ना आजून. माजं मी परत सांगन."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण आदल्याच आठवड्यात बोलता बोलता ते थांबले होते. स्वतःच्या मिठागराचं नाव त्यांना आठवेना. बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले, मग नाव सापडलं आणि आम्ही दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं. हे मी दुकानात त्यांच्यासमोर कसं बोलणार? मी बाईंना म्हटलं, आवाजाचं फोल्डर आधी. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

एकूण सदतीस रेकॉर्डिंग होती. हिरवी पट्टी सरकायची, थांबायची. एकोणिसाव्याला थांबली ती हलेचना. बाईंनी वाट पाहिली आणि ते वगळलं. पुढे आणखी एक वगळलं. पस्तीस आली तेव्हा दोन तास उलटून गेले होते आणि माझ्या पाठीला घामाने ब्लाउज चिकटला होता. मग फोटो. ते वर्षांप्रमाणे लावलेले होते. बारसं आलं, पहिला वाढदिवस आला, दुसरा अर्धा आला. डिस्कमधून खरवडल्यासारखा लांब आवाज निघाला आणि ती थांबली. बाईंनी हात मागे घेतले. पुढे ती आम्ही मुंबईला पाठवलीही. आतली तबकडीच घासली गेली होती, ती तशीच परत आली.

दुसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंतची माझी मुलगी गेली. त्यापुढचे फोटो फोनवर होते.

मी तिला फोन करून सगळं सांगितलं. आधी काय काढायला सांगितलं तेही.

"आई, पेनड्राइव्ह माझ्या खणातच होता ना," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. पुढचे काही दिवस तिची उत्तरं एकेका शब्दाची होती. मग तिच्या मावशीने आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांनी शोधून शोधून चौदा फोटो पाठवले. ते मी तिला एकेक करून न पाठवता एकदम पाठवले. तिने नुसतं 'मिळाले' असं लिहिलं.

जुन्या डब्याचं काय करायचं ते विचारायला मी पुन्हा दुकानात गेले. बाई म्हणाल्या, बाकी भाग धड आहेत, नवीन डिस्क घातली तर अजून दोनेक वर्षं चालेल. पण त्यातली जुनी प्रणाली आता सुरक्षित राहिलेली नाही आणि नवी त्याला पेलणार नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्याच्यावर भरवसा वाटतो का?" तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. मी नाही म्हटलं. नवीन घेतला, सोबत उतरवून ठेवायला वेगळी डिस्क घेतली. नवरा 'मी म्हणत होतो' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

बाबा मात्र बोलायला बसेनात. चहा झाला की कधी डोकं दुखायचं, कधी झोप यायची. दोन महिने असेच गेले. शेवटी एका दुपारी मी फोन बाजूला ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, तुम्ही विसरायला लागलाय," मी म्हटलं. "म्हणून मी त्या दिवशी तुमचं आधी घेतलं."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं.

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "म्हनूनच बोललो, पोरीचं घे. माजं तसंबी जातंच हाय."

समोरच्या टॉवरवर लोखंड कापायचं यंत्र चालू होतं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. मग त्यांनी फोनकडे बोट केलं आणि लाव म्हणाले.

त्या दिवशी ते खाडीकाठच्या खाजणातल्या शेतांबद्दल बोलले, कुठलं कोणाचं आणि मधला बांध कोणी घातला. दोन ठिकाणी अडले. मी वाट पाहिली, नाव सुचवलं नाही. एक आठवलं, एक आठवलं नाही. त्यांनी खूण करून पुढे जायला सांगितलं. बोलणं संपल्यावर मी तिथेच, त्यांच्यासमोर, ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं, मग डिस्कवर घेतलं, आणि मुलीलाही पाठवून दिलं.

रात्री जेवताना तिचा फोन आला. तो माझ्यासाठी नव्हता. तिला आजोबांशी बोलायचं होतं.