आळेफाट्यावरचा रिकामा खिळा

अन्याय झाला तो माझ्या आईवर. ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, अवसरी खुर्दला कॉलेजजवळच्या एका दुमजली घराच्या ओट्यावर. एरवी मी पत्रक काढते तेव्हा दोषी कोण ते दुसऱ्या ओळीत ठणकावून सांगते. या वेळी त्या ओळीत दोन नावं येतात आणि दुसरं माझं आहे, म्हणून हे पत्रक जमत नाहीये. तुम्हालाच लिहिते, आमच्या वस्तीवर राहिलेल्यांना आणि आमच्यासारखं सामान बांधून निघालेल्यांनाही.

त्या सकाळी तुम्ही सगळे सडकेपर्यंत आला होतात. धाकटी बहीण सुजाता हिला इंजिनियरिंगला प्रवेश मिळालेला, आणि आमच्या तळेघरहून रोज कॉलेज गाठायचं म्हणजे अर्धा दिवस एसटीची वाट बघण्यात जायचा. म्हणून घरच हलवायचं ठरलं. पिकअपमध्ये भांडी, शिलाई मशीन आणि नाचणीची दोन पोती. आई ड्रायव्हरशेजारी बसली. तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली ती जुनी तसबीर, एका चौकटीत बुद्ध आणि बाबासाहेब. चुलतीने कुलपाची किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "जावा खुशाल. आमी हाय हितं." आई रडली नाही. तसबिरीची काच धरून बसली होती, खड्डे लई होते.

अवसरीची खोली मी फोनवरून ठरवली होती. भाडं आमच्या आवाक्यातलं, कॉलेज पायी दहा मिनिटांवर. मालकाने विचारलं होतं, "कुठलं पावणं तुमी?" मी म्हणाले, तळेघरकडचे. तो म्हणाला, "आसं व्हय. भाताकडची मानसं भली आसत्यात." त्याने आम्हाला आपल्याच जातीतलं धरलं, ते मला फोनवरच कळलं होतं. मी खोटं बोलले नाही. गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यावर खोली मिळाली.

आमच्यात नव्या घरात पहिली तसबीर जाते. मग चूल, मग बाकीचं. त्यामुळे पिकअप थांबल्याबरोबर आईने गोधडी सोडली, पदराने काच पुसली आणि ओट्यावर चढली. मालकीणबाई हसत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तसबीर पाहिली. तांब्या तसाच हातात राहिला. आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवो ताई, घोटाळाच झाला बगा. भाचा येनार हाय आमचा, आत्ताच फोन आला." फोन ओट्यावरच चार्जिंगला लावलेला होता. आम्ही आल्यापासून वाजला नव्हता.

भांडायला मी तयार होते. भाषणं ठोकलीत मी, पोलीस स्टेशनच्या पायऱ्यांवर घोषणा दिल्यात. पण पोती पुन्हा चढवताना माझ्या तोंडून निघालं ते मालकिणीला नव्हतं. मी आईला म्हणाले, "तसबीर शेवटी काढायची होतीस ना. सामान लागल्यावर काढली असतीस तर काय बिघडलं असतं?"

 आईने तसबीर पुन्हा गुंडाळली. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, लहानपणापासून एकच सांगत आलेत, "नाव सांगून ऱ्हायचं." हे वाक्य मी माझ्या पहिल्या पत्रकाच्या मथळ्यात छापलं होतं.

आता आम्ही आळेफाट्याला राहतो, गॅरेजच्या मागच्या चाळीत. दादा इथेच दुधाचा टँकर चालवतात, त्यामुळे खोली त्यांनीच पाहिली. पाच खोल्या आहेत. एकीत पंक्चरवाले मुनीरभाई, एकीत बिहारचा वेल्डर आणि त्याची बायको, एकीत ओतूरकडचं मराठा कुटुंब, एकीत आम्ही. पाचवी सध्या रिकामी. स्वस्त आहे, कारण हॉर्न थांबत नाही आणि कपड्यांना ऑईलचा वास येतो. सुजाताला कॉलेजला जायला बस बदलून जावं लागतं. ती कुरकुर करत नाही, म्हणून मला जास्त राग येतो.

इथल्या मालकीणबाईंनी आम्हाला कुठले पावणे ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "नळ तासभर येतोय. भांडायचं आसंल तर पानी भरून झाल्याव भांडायचं." आणि निघून गेल्या.

अशीच वस्ती हवी, असं मी तीन वर्षं मांडत आले. ती मिळाली, तर मला कळेना झालंय. इथे कोणी विचारत नाही ते माणूस म्हणून मान देतात म्हणून, की सगळेच कधी ना कधी निघून जाणार म्हणून? आपल्या वस्तीवर आमचं सगळं सगळ्यांना माहीत होतं, पाणवठ्यावर कोण किती अंतरावर उभं राहतं तेही. तिथे ऊर भरून यायचा आणि जीव गुदमरायचाही. इथे श्वास मोकळा आहे, पण आजारी पडलो तर कोणाच्या दारात जायचं ते ठरत नाही. यातलं घर कुठलं, ते मला सांगता येत नाही.

पहिल्याच आठवड्यात वेल्डर ड्रिल घेऊन आला. प्रत्येक खोलीत त्याने समोरच्या भिंतीत एक खिळा बसवून दिलाय. मुनीरभाईंच्या खिळ्यावर मक्केचं चित्र, ओतूरकरांच्या खंडोबा, त्याच्या स्वतःच्या छठीमाता. आमचा खिळा रिकामा. तसबीर पलंगाखाली, गोधडीत.

मी स्वतः लावायला गेले तर आईने हात धरला. मी म्हणाले, चुकले मी, इथे कोणी काही म्हणणार नाही, भिऊ नकोस. ती भाकरी थापत होती, पिठाचा हात तसाच माझ्या मनगटावर.

"भ्याव न्हाई मला," ती म्हणाली. "फकस्त परत गुंडाळायचा कटाळा आलाय."



म्हणून तुमच्याकडे मागते आहे. ज्यांच्याकडे एखादी खोली भाड्याने द्यायला आहे, मंचरला, नारायणगावला, जुन्नरला, कुठेही, त्यांनी आजच तिच्या समोरच्या भिंतीत एक खिळा ठोका. कुठले पावणे ते विचारू नका. नळ कधी येतो तेवढं सांगा. आणि नवी बाई दारात आली की तिच्या हातात जे असेल ते आधी आत जाऊ द्या.