पाच नंबरच्या कोर्टावरचा बॉल

मार्लिस ट्वेट आमच्या कॉलेजात आली ती अठराव्या वर्षी, आणि मधली दोन वर्षं सोडली तर इथून कुठं गेलीच नाही. आमच्याच मिनेसोटा राज्यातल्या एका खेड्यातली पोर, वडील धान्याच्या कोठारावर कामाला. चार वर्षं ती आमच्या टेनिस संघाची एक नंबरची खेळाडू होती. पदवी घेतली आणि व्यावसायिक स्पर्धा खेळायला निघाली. कुठल्या तरी गावात अनोळखी लोकांच्या तळघरात झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत हरायचं. दोन वर्षांत खांदा कामातून गेला. तेव्हा तिचे जुने कोच रॉइस पिकार्ड यांनी फोन केला, "परत ये. मला सहायक हवी आहे. पगार सांगण्यासारखा नाही, पण माणसं घरची आहेत."

ती आली, आणि चौदा वर्षं सहायकच राहिली. व्हॅन चालवायची, मॉटेलच्या खोल्या ठरवायची, मार्चमध्ये कोर्टावरचा बर्फ ओढायची. मी तेव्हा खेळांच्या सामानाची खोली सांभाळत होते. रॅकेटला तार भरायचं मशीन माझ्याच खोलीत, त्यामुळे रोज दुपारी ती माझ्यासमोर. मुली रॉइसना घाबरायच्या आणि रडायला मार्लिसकडे यायच्या.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी रॉइस निवृत्त होणार होते. "माझ्या जागी तूच," ते तिला म्हणाले होते. "वरच्यांशी बोललोय. विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा जिंकून मला जाऊ दे, बाकी काही अडत नाही."

अंतिम सामना आमच्याच कोर्टांवर झाला. एका कोर्टावरचा सामना जिंकला की संघाला एक गुण, आणि जो संघ चार गुण आधी मिळवील तो जिंकणार. आमचे तीन झाले होते, त्यांचे दोन, आणि दोनच कोर्टांवर खेळ चालू होता. आमच्याकडे रेषांवर माणसं नसतात. आपल्या बाजूचा बॉल आत पडला की बाहेर, ते खेळाडूनंच सांगायचं. पंच एकच, आणि तो होता पार एक नंबरच्या कोर्टावर. पाच नंबरवर आमची ब्रेना कॉलक्विट खेळत होती, आणि तिच्यामागं जाळीच्या कुंपणाला टेकून मार्लिस उभी होती.

ब्रेनाला आपला सामना, म्हणजे संघाचा चौथा गुण, मिळवायला आणखी एकच बॉल जिंकायचा होता. समोरच्या इल्सा ड्युफ्रेननं लांब बॅकहँड मारला. बॉल मागच्या रेषेवर पडला, म्हणजे आतच. ब्रेनानं बोट वर केलं. "आऊट!"

बाकीच्या पोरी किंचाळत आत धावल्या. इल्सा कोर्टाच्या मधल्या नेटपाशी उभीच राहिली. ती मार्लिसला म्हणाली, "कोच, तुम्ही इथंच होतात. आत होता ना?"

"रेषेचा निर्णय खेळाडूचा असतो," मार्लिस म्हणाली.

उत्तर नियमात बसणारं होतं. पण स्वतःच्या खेळाडूला बाजूला घेऊन 'बॉल आत होता' असं सांगायला कोणताही नियम तिला अडवत नव्हता. इल्सानं हात मिळवला आणि बॅग उचलली.

सोमवारी ब्रेना सामानाच्या खोलीत आली.

"तार तुटली का गं?" मार्लिसनं विचारलं.

"नाही. तुम्ही पाहिलंत ना?"

मार्लिसनं मशीन थांबवलं. "हो."

"मग बोलला का नाहीत? मी बोट वर केलं आणि लगेच तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नुसती मान हलवली असतीत तरी मी बदललं असतं."

"निर्णय तुझा होता, ब्रेना."

"मी वीस वर्षांची आहे, कोच! तुम्ही किती वर्षांच्या?"

मी उगाच टॉवेलांच्या घड्या घालत राहिले. मार्लिस म्हणाली, "मला रॉइसची जागा हवी होती. दुसरं काही नव्हतं त्यात." मग तिनं विचारलं, "मी विभागाला लिहिलं तर? त्या मुलीलाही?"

ब्रेना रडत होती. "लिहा," ती म्हणाली.

रॉइस ऐकून लालबुंद झाले. "वेड लागलंय का तुला? हात मिळवले की सामना संपला. निकाल बदलत नाही आता!"

"माहीत आहे."

"मग कुणाचं भलं होणार आहे? माझं शेवटचं वर्ष नासवायचंय?"

"मी पाहिलं आणि गप्प बसले, एवढंच लिहीन. ब्रेनाचं नाव घालणार नाही."

"पाच नंबरला कोण खेळत होतं हे सगळ्या विभागाला ठाऊक आहे, मार्लिस. तुझं मन हलकं करायला त्या पोरीला कशाला उघडं पाडतेस?"

तरी तिनं दोन्ही पत्रं पाठवली.

विभागाचं उत्तर एका ओळीचं आलं: निकाल कायम. इल्साचं मात्र लांब होतं. तिनं लिहिलं होतं, "माझे बाबासुद्धा म्हणाले की हरल्यावर सगळेच बॉल आत दिसतात. तुमचं पत्र येईपर्यंत मलाही वाटायला लागलं होतं की मी मनाशीच खोटं बोलतेय."

मार्लिसनं ते पत्र मला वाचायला दिलं आणि बाहेर निघून गेली.

रॉइसची जागा बाहेरच्या एकतीस वर्षांच्या माणसाला मिळाली. रॉइस तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. जिंकलेल्या स्पर्धेला बट्टा लागला म्हणून ब्रेनाशी संघातली एकही पोर बोलेना. जेवणघरात ती आली की टेबल रिकामं व्हायचं. उन्हाळ्यात तिनं आमचं कॉलेज सोडलं, टेनिसही सोडलं.

ऑगस्टमध्ये मार्लिस चार तास गाडी हाकत तिच्या घरी गेली. ब्रेनानं लिंबू सरबत दिलं, दोघी पायरीवर बसल्या.

"मी तुझं फार वाईट केलं," मार्लिस म्हणाली.

"कधी वाटतं, तुम्ही दोन्ही वेळा चुकलात," ब्रेना म्हणाली. "कधी वाटतं, एकदाच."

"कोणत्या वेळी?"

"ते रोज बदलतं. 'परत खेळ' असं म्हणू नका मात्र."

"नाही म्हणणार."

परत आल्यावर हे मला सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. "नोकरी सोडतेस का?" मी विचारलं. नव्या कोचच्या हाताखाली तिला शिटी घेऊन उभी राहताना बघणं मलाच जड जाणार होतं.

"सोडून कुठं जाऊ? दुसरं येतं काय मला?" ती म्हणाली. "आणि उद्या नऊ नव्या पोरी येतायत. त्यातल्या सहांच्या रॅकेटला अजून तार भरायचीय."