तात्या आणि शेवटचा नळ

नवा माणूस भेटला की तात्या त्याचं नाव-गाव नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "तुझो नळ कितवो?" ऐकणारा गोंधळायचा. आपल्या घरचा नळ कितवा, हे कोण मोजून ठेवतं? तात्यांनी मात्र मोजले होते. टाकीपासून निघालेल्या पाइपावर पहिला नळ बंगल्यांचा, म्हणजे साहेब लोकांचा. मग ऑफिसर्स क्वार्टर्स, मग कामगारांच्या चाळी, आणि सगळ्यात शेवटी, कुंपणाच्या अंगाला, ठेकेदाराच्या मजुरांची पत्र्याची लाइन. तिथे चाळीसेक बिऱ्हाडांना मिळून एक नळ होता. तोच शेवटचा नळ, आणि तात्यांचा जीव त्याच्यात अडकलेला.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची कंपनी होती आणि तिची स्वतःची कॉलनी. तलावाचं पाणी आमच्याच फिल्टर हाऊसमध्ये यायचं, तुरटीने निवळायचं, वाळूतून गाळलं जायचं आणि क्लोरीन घालून टाकीत चढायचं. तात्या तिथले ऑपरेटर. मूळचे मालवणकडचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.एस्सी. होऊन तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा त्यांची वीस वर्षं त्या फिल्टर हाऊसमध्ये गेली होती. कॉलनीत सगळे त्यांना क्लोरीनतात्या म्हणत. त्यांना ते आवडायचं, पण आवडतं असं ते दाखवायचे नाहीत.

रोज सकाळी सहाला पाणी सुटलं की तात्या लाकडी पेटी घेऊन पायी निघायचे. पेटीत काचेच्या नळ्या आणि एक औषध. नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं. रंग आलाच नाही तर वाटेत कुठेतरी घाण शिरून ते खाऊन टाकतेय. नियमाप्रमाणे टाकीजवळचं एक रीडिंग पुरे होतं. मी नवीन होते, नियम पाठ होते, म्हणून एकदा त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "टाकीतला पाणी टाकी पिता काय?" आणि चालू लागले. मीही मागोमाग गेले. दुसरं काय करणार?

शेवटच्या नळावर पारूबाई नावाची एक बाई असायची. तिची कळशी नेहमी पहिली. तात्यांनी नळी उजेडात धरली की ती विचारायची, "आज कसं हाय वो?" तात्या म्हणायचे, "पी." किंवा "उकळून पी." या दोन शब्दांवर ती लाइन चालायची. डॉक्टरचंसुद्धा कोणी इतकं ऐकत नसेल.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सलग तीन दिवस शेवटच्या नळाला रंग आला नाही. तात्यांनी रजिस्टरमध्ये तिन्ही दिवस शून्य लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, नाल्याजवळचा पाइप खणून बघावा. त्याच आठवड्यात लाइनीतल्या तीन पोरांना जुलाब लागले. त्यात पारूबाईची धाकटी होती. अडचण एकच होती. तो पाइप ज्या रस्त्याखालून जात होता तो नुकताच सिमेंटचा केला होता, आणि परदेशी पाहुणे त्याच रस्त्याने कारखाना बघायला यायचे होते.

आमच्या विभागाच्या साहेबांनी तात्यांना बोलावलं. मी तिथेच होते. साहेब माणूस वाईट नव्हता, पण पाहुण्यांपुढे त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. "तात्या, एक आकडा आहे यार. शून्याच्या जागी नियमापुरतं पॉइंट टू क्लोरीन लिहिलंत तर काय आभाळ कोसळणार आहे? पाहुणे गेले की खणू ना."

"साहेब, आकडो माझो नाय. नळाचो आसा," तात्या म्हणाले.

मग साहेबांनी मला सांगितलं, तू स्वतंत्र सॅम्पल आण. मी प्रोबेशनवर होते, कायम व्हायला दोन महिने राहिले होते, आणि काम चोख करून दाखवायची मला कोण हौस. बाटली मी स्वतः धुतली. साधी नाही, जंतू राहू नयेत म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने खळखळून धुतली, वाळवली, आणि शेवटच्या नळाचं पाणी आणलं. नळीत थेंब टाकले तर सुंदर पिवळा रंग. मी रिपोर्ट दिला. तासाभरात तात्यांच्या हातात मेमो पडला: खोट्या नोंदी करून घबराट पसरवल्याबद्दल खुलासा करावा.

तात्या लॅबमध्ये आले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी माझी नळी उचलून पाहिली. "रंग बरो इलो हा. बाटली कशान धुतलंस, गो बाय?"

मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी तीच बाटली रिकामी केली, त्यात लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर भरलं, हलवलं, नळीत ओतलं आणि थेंब टाकले. ज्या पाण्यात क्लोरीनचा कणही असणं शक्य नव्हतं, ते पाणी पिवळं झालं. मी जो रंग नळाचा म्हणून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता, तो माझ्या स्वच्छतेचा होता.

"माका कळला, तुका कळला," तात्या म्हणाले. "आता काय करूचा ता तू ठरव." आणि गेले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी रात्रभर झोपले नाही वगैरे लिहिणार नाही, झोपले. पण सकाळी बाटली घेऊन गेले, शेवटच्या नळाच्याच पाण्याने ती तीनदा विसळली आणि सॅम्पल आणलं. रंग नाही. नवा रिपोर्ट लिहिला, जुन्यावर काट मारून खाली लिहिलं, बाटली धुण्यात माझी चूक झाली, आणि सही केली. साहेबांनी तो वाचला, घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. "पाहुणे गेल्यावर बघू," म्हणाले.

हे मी जाऊन तात्यांना सांगितलं. ते उठले, व्हॉल्व्हच्या खोलीत गेले आणि मुख्य व्हॉल्व्हचं चाक फिरवायला लागले. ते चाक जड. मी बघत उभी राहिले. बंगल्यांपासून लाइनीपर्यंत सगळं पाणी बंद झालं. टेलिफोन वाजायला लागला तसा त्यांनी तो उचलला आणि शांतपणे एवढंच सांगितलं, "शेवटच्या नळाक बरा पाणी नाय, तर पयल्याकय नाय."

बंगल्यांवरचे नळ कोरडे पडल्यावर सिमेंटचा रस्ता फोडायला दोन तास लागले नाहीत. नाल्याच्या कडेला पाइप गंजून हाताएवढा फाटला होता. तो बदलला. पारूबाईची धाकटी आठ दिवसांनी पुन्हा अंगणात दिसली. तात्यांना मात्र परवानगीशिवाय पाणी तोडल्याबद्दल कॉलनीच्या खालच्या टोकाला, मैलापाण्याच्या प्लांटवर बदलीची ऑर्डर मिळाली. मला पुढे कायम केलं. याची लाज मला आजही वाटते.

ड्रेनेजच्या कामाला कॉलनीत कोणी हात लावायचं नाही. तात्या तिथे इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. सॅम्पलला मी दर आठवड्याला जायची, तर महिन्याभरातच ते मला शिकवायला लागले. हवा कमी पडली की वास कसा बदलतो, फेस पांढरा असला तर काय आणि काळसर असला तर काय. एकदा मी चुकून म्हटलं, तात्या, तुम्हाला इथे टाकायला नको होतं. ते मैलापाण्याच्या टाकीकडे बोट करून म्हणाले, "हय सगळ्यांचा एकत्र येता, गो बाय. पयलो नळ खयचो, शेवटचो खयचो, कोण इचारता?" आणि हसले. मला हसू आलं नाही.

दोन वर्षांनी ते रिटायर झाले. शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि साक्षीदार म्हणून मलाही. टेबलावर तात्यांच्या नावाने टाइप केलेला कागद होता: माझ्याकडून रीडिंग घेण्यात चूक झाली, त्या गोंधळात मी पाणी बंद केलं, त्याबद्दल दिलगीर आहे. यावर सही केली की शिक्षेची ऑर्डर रद्द होणार होती आणि निरोपाचा कार्यक्रम फिल्टर हाऊसमध्ये होणार होता. साहेबांचा आवाज खरोखर मऊ होता. "तात्या, आता कशाला अडून बसता? स्वच्छ रेकॉर्ड घेऊन घरी जा ना."

"चुकला म्हणान लिवन दिलंय तर ता शून्य खोटा ठरतला," तात्या म्हणाले. "मगे तुमी पाइप कित्याक बदललात?"

तात्यांनी चष्मा लावून कागद पुन्हा सावकाश वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग तो साहेबांना वाचता येईल असा फिरवून त्यांच्यापुढे सरकवला आणि वर त्यांचंच पेन ठेवलं.

"मजकूर बरो आसा," ते म्हणाले. "सही तेवढी तुमी करा."