राजीखुशीने

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी अमीनचाचा तांबोळी हे नाव घेतो. चाचा इंदापूरला जमिनीचे दस्त लिहून देतात. कचेरीजवळ पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल आहे. आता त्या टेबलावर संगणक आला आहे. पण चाचा मजकूर आधी हाताने कागदावर लिहितात आणि मगच टाइप करतात. लिहिता लिहिता 'राजीखुशीने' हा शब्द आला की त्यांचं पेन थांबतं.

दस्ताच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते: 'हा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिला आहे.' बाकीचे लेखक ती न बघता उतरवतात. चाचा पेन खाली ठेवतात, चष्मा कपाळावर सारतात आणि सही करणाऱ्याला विचारतात, "राजी हाईस का?" तो हो म्हणाला की जरा थांबून दुसरा प्रश्न येतो, "आन् खुशी हाय का?" लोकांना याचं हसू येतं. एकदा एकजण म्हणाला, "चाचा, जमीन इकतोय, लगीन न्हाय लावत." चाचा म्हणाले, "लग्नात आमच्यात तीनदा इचारत्यात. म्या दोनदाच इचारतोय."

ही सवय त्यांना कशी लागली, ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. धंद्यात नवे असताना त्यांनी एका बाईचं हक्कसोडपत्र लिहिलं होतं. बाई खाली मान घालून बसली होती, भाऊ बोलत होते. चाचांनी सगळं सवयीने लिहिलं, बाईने सही केली. चार महिन्यांनी तीच बाई एकटी आली आणि तिने विचारलं, "म्या त्या दिशी कशावर सही केली, तेवढं सांगता का?" चाचा म्हणाले, "त्या दिशी मला आपल्या हाताचंच भ्या वाटलं."

आमची ओळखही अशाच एका कागदावरून झाली. आमच्या भागात वडील वारले की बहिणी भावांच्या नावे हक्क सोडतात. सोडायचाच असतो, त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. माझी आई पिंपळीची, दिलेली अंथुर्ण्याला. माझे वडील आधीच गेले होते, मग आईचे वडीलही गेले, आणि मामा तिला घेऊन इंदापूरला आला. मी तेव्हा बारावीला होतो, आईबरोबर गेलो होतो. चाचांनी सगळा मजकूर लिहिला, पेन ठेवलं आणि तिला पहिला प्रश्न विचारला. मामा म्हणाला, आमच्यात असलं विचारत नाहीत, लिहा पुढं. चाचांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "राजी हाय. खुशी न्हाय."

चाचांनी पेनाला टोपण लावलं. "मग ह्यो शब्द अर्धाच खरा हाय, ताई. अर्ध्या शब्दावर म्या लिवत न्हाय."

मामाने टेबलावर हात आपटला. या शेडखाली तू उद्यापासून कसा बसतोस तेच बघतो, म्हणाला. मला त्या क्षणाचे आठवतात ते चाचांचे हात. समोरचा चहा त्यांनी उचलला आणि निम्मा बशीत सांडला. पुढे कित्येक आठवडे ते नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या वाटेने घरी जात होते. चाचा शूर नव्हते. पण त्यांनी तो कागद लिहिला नाही. घरी परतताना मामाने वाटेत दुसरा लेखक गाठायचं काढलं, तेव्हा आई एसटीत जाऊन बसली आणि उतरलीच नाही. तिच्या वाट्याच्या दोन एकरांवर माझं बारामतीचं इंजिनिअरिंग झालं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला.

नंतर मी बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला लागलो आणि नोकरी सांभाळून सरकारी परीक्षा देत राहिलो. दोन वर्षांपूर्वी एकीत पास झालो. मूळ कागदपत्रं घेऊन दिल्लीला सकाळी नऊ वाजता हजर राहा, गैरहजर उमेदवाराची निवड रद्द समजली जाईल, असं पत्र आलं. आलं तेच इतक्या उशिरा, की रेल्वेचं तिकीट मिळेना. आदल्या दुपारचं विमानाचं तिकीट काढलं.

मी विमानतळावर चार तास आधी पोचलो आणि बाहेरच बसून राहिलो. एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागली की पुकारतात, तसं इथेही पुकारतील अशी माझी समजूत होती. शेवटी एका हमालाने विचारलं तेव्हा मी आत पळालो. खिडकीवर मिळालेल्या पासवर जागेचा आकडाच नव्हता. तो दारापाशी मिळेल, म्हणाले.

दारापाशी कंपनीच्या मॅडम होत्या, मराठीच होत्या. त्या अतिशय गोड बोलत होत्या आणि मला त्या गोड बोलण्याचीच भीती वाटली. विमानात जागा आहेत त्यापेक्षा एक तिकीट जास्त विकलं गेलं आहे, असं नेहमीच होतं, उद्या अकराच्या विमानाने पाठवू, आज हॉटेल देऊ, फक्त इथे सही करा. मी म्हणालो, मला सकाळी नऊला तिथे पोचायचंय. त्या म्हणाल्या, हो सर, समजतंय मला, इथे सही करा. मागे लोक उभे होते. पेन माझ्या हातात कधी आलं ते कळलं नाही. कागद इंग्रजीत होता. मी माझी जागा स्वखुशीने सोडत आहे, असा त्याचा अर्थ होता.

मी बाजूला होऊन चाचांना फोन लावला. विमानात जागा विकून वर माणसं चढवतात हे त्यांना खरंच वाटेना. "वडापची जीप हाय का इमान?" म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला.

"ती काय बोलती ते ऱ्हाऊ दे. कागदावर काय लिवलंय?"

"स्वखुशीनं सोडतोय, म्हणून."

"राजी हाईस?"

"न्हाय."

"खुशी हाय?"

"न्हाय, चाचा."

"मग त्या कागदावरचा माणूस दुसराच कुणीतरी हाय. त्याची सही तू का करतोस?"

मी म्हणालो, मला लई भ्या वाटतंय. ते म्हणाले, "वाटू दे. मला रोज वाटतं. भेत भेतच न्हाय म्हणायचं."

मी परत गेलो. म्हणालो, मॅडम, मी राजी नाही. मला उतरवायचं तर उतरवा, पण माझ्या मर्जीविरुद्ध उतरवलं असं लिहून द्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग मागच्या साहेबांकडे पाहिलं. मला थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी माझ्या पासवर पेनने आकडा लिहून मिळाला. विमानातून मी चाचांना कळवलं, जागा मिळाली. ते म्हणाले, "बस तितंच. आता कुणी म्हणालं तरी उठू नगं."

मला नोकरी लागली. चाचा ही हकिकत शेडखाली सगळ्यांना सांगतात. पण त्या दहा मिनिटांत काय झालं ते मी त्यांना फोनवर सांगितलं नव्हतं. रुजू झाल्यावर दिल्लीहून पत्र पाठवलं, ते असं:

ती. चाचा यांस सा. न.

तुम्ही माझं कौतुक सांगता असं आईने कळवलं. ते आता थांबवा. माझ्यानंतर मॅडमनी तोच कागद एका म्हाताऱ्या गृहस्थांपुढे धरला. आपल्याच बाजूचे असावेत. पांढरा पायजमा, मांडीवर पिशवी. मुलीकडे निघालोय, तिला दवाखान्यात ठेवलंय, एवढं ते शेजारच्या बाईंना सांगत होते, ते मी ऐकलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, विमानात चढायचा कागद आहे. ते माझ्याकडे आले, मी शिकलेला दिसलो म्हणून. म्हणाले, "बाळा, सही कुठं करायची रं?"

मला वाटलं, मी काही बोललो तर माझी जागा जाईल. मी बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी सावकाश सही केली, पेन मला परत दिलं, आणि "सुखी ऱ्हा" म्हणाले.

विमान सुटेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. त्यांचं नाव मला माहीत नाही. फोनवर हे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितोय.

आपला,
दत्तू