‘राहू दे’ नावाचा फोल्डर

त्या दिवशी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारच्या एसटीने सर नव्या आवृत्तीची सीडी घेऊन पुण्याला जाणार होते आणि त्याआधी मला सोर्स कोडचा, म्हणजे आम्ही लिहिलेल्या मूळ प्रोग्रामचा, फोल्डर साफ करायचा होता. ज्या पतसंस्थेसाठी आम्ही हे सॉफ्टवेअर करत होतो, तिने या वेळी त्याबरोबर कोडही मागितला होता. म्हणजे आमचा सगळा पसारा परक्यांसमोर उघडा पडणार.

आमचं ऑफिस म्हणजे कोळवणला एका शेतकऱ्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. सर आणि मी, दोघंच. सरांना शहरातलं भाडं परवडत नव्हतं, आणि लातूरहून आलेल्या मला दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. घरमालकीण मावशी भातलावणीला निघाल्या होत्या. खालूनच त्या म्हणाल्या, “आज लाईट लवकर जानार हाय. आवरा बिगीबिगी.”

मी आतले जुने फोल्डर धडाधड पुसत सुटले. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘नवीन खरंच’. त्यातली निम्मी नावं मीच दिलेली. मग ‘राहू दे’ आला आणि हात थांबला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मराठीत पावती छापायचा भाग लिहिला होता. प्रिंटरवर जोडाक्षरं धड उमटेनात तेव्हा रडकुंडीला आले होते. शेवटी जमलं. सरांनी पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “राहू दे.” मी त्याच नावाचा फोल्डर केला, सगळं त्यात जपून ठेवलं आणि पुढच्या आवृत्तीची वाट बघत बसले. दोन आवृत्त्या गेल्या. मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं.

आज विचारावंच लागलं. सर बॅग भरत होते. त्यांना काही आठवेना, म्हणून स्क्रीन दाखवली.

“अगं, राहू दे म्हणजे नको म्हटलं होतं मी.”

असा राग आला! आमच्या लातूरला नको असेल तर माणूस तोंडावर नको म्हणतो. पुण्याची माणसं राहू दे म्हणतात, आणि ओळखायचं आपण. सर समजुतीने म्हणाले की लोकांना इंग्रजी पावतीच भारी वाटते, तू काढून टाक.

काढून टाकला. मग उरलेल्या फाइलींमधून सगळा प्रोग्राम नीट जुळतो का बघायला तो कॉम्प्युटरवर पुन्हा बांधायला लावला. तेवढ्यात लाईट गेली आणि यूपीएस टीपटीप करायला लागला. मी खिडकीशी गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. मनात एकच होतं, कुठेतरी अडू दे. एखाद्या फाइलला माझी एक तरी ओळ लागू दे, म्हणजे तो परत ठेवावा लागेल.

एकही चूक आली नाही. पहिल्याच फटक्यात सगळं सुरळीत चाललं.

“बघ, काही अडलं नाही,” सर म्हणाले, आणि सीडी मागितली.