रफिकभाईचा कान

रफिकभाईच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला लागूनच माझं शिलाईचं दुकान. मधे नुसता पत्रा. अकोटात कुणाच्या टीव्हीला काय झालं, हे मशीनवर बसल्या बसल्या कळायचं. किस्से चिंध्यांसारखे साठत गेले, फेकवत नाहीत.

तेव्हा कापसाचं काही खरं नव्हतं. पण पोरगं शिकून नोकरीला लागेल म्हणून लोक पोटाला चिमटा घेऊन कॉम्प्युटर आणत, अन् वायर जोडून लग्नाची शूटिंग टीव्हीवर पाहत. चित्र झकास, आवाज मात्र फाटलेला.

तेल्हाऱ्याचे एक देशमुख टीव्ही-कॉम्प्युटर घेऊन बायकोसकट आले. "स्पीकर फाटला, बदलून द्या." रफिकभाईनं कॉम्प्युटरचा आवाज निम्मा केला, टीव्हीचा वाढवला. एकदम स्वच्छ.

"पन आमी तं दोन्हीकडं फुल्लच ठेवतो," देशमुख म्हणाले.

"भाऊ, दोघं एकदम बोंबलले तं कोनाचं समजते? एकानं हळू बोलावं." मग वहिनींकडं पाहून म्हणाला, "घरातबी तसंच हाय."

वहिनी हसल्या. देशमुख नाही हसले.

पातूरला एकाच्या टीव्हीत नुसती घरघर. रफिकभाईनं मागची केबलची वायर उपटली, घरघर बंद.

"अन् मंग मी सिरियल कशी पाहू?"

"लग्न पाहून झालं का लाव परत. लग्न काय रोज पाह्यतं का?"

स्वतःची तारीफ तो स्वतःच करायचा. "अख्ख्या जिल्ह्यात असा कान नाही," म्हणायचा. आम्ही चिडवायचो, पण खरंच दुसऱ्या कुणाचा तसा कान नव्हता. नामदेवकाकांच्या घरी ते मी डोळ्यांनी पाहिलं.

नामदेवकाका बाजारात कापसाचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचे. बोली पुकारताना त्यांचा आवाज पार बसस्टँडपर्यंत यायचा. मग गळ्याचं ऑपरेशन झालं अन् आवाज कायमचा गेला. नातू जन्मला तो त्यानंतर. त्याला आजोबांचा आवाज ठाऊकच नव्हता. सुमनच्या, म्हणजे पोरीच्या, लग्नाच्या शूटिंगमध्ये तेवढा तो आवाज उरला होता. टीव्हीवर बँड वाजायचा, बोलणं मात्र गायब. दुसऱ्या एका मेकॅनिकनं सांगितलं होतं, शूटिंगच खराब झाली, आता काही होत नाही. ते ऐकल्यापासून काकी टीव्हीसमोर बसतच नव्हत्या. मी अन् रफिकभाई गेलो तर चहा ठेवायला आत निघून गेल्या.

रफिकभाईनं टीव्हीला कान लावला.

"आवाज हाय," तो म्हणाला. "कुठंतरी अडकून राह्यला."

धूळ बसू नये म्हणून कॉम्प्युटरला प्लास्टिकचं जाड कव्हर होतं. पिनेपुरतं भोक पाडून वायर त्याच्यावरूनच खुपसली होती. पिन आत गेल्यासारखी दिसायची, पण पुरती बसत नव्हती, म्हणून बँड यायचा अन् बोलणं गळून जायचं. आमच्याकडं नव्या वस्तूचं कव्हर कोण काढतं? रफिकभाईनं ब्लेडनं प्लास्टिक कापलं अन् पिन दाबली. टक् असा आवाज झाला.

टीव्हीवर मांडव, पाहुणे, फेटा बांधलेले काका. अन् तो हर्रासाचा आवाज घरभर झाला, "अवं सुमनची माय, चाय आन वं पाव्हन्याईले!"

नातू आजोबांच्या तोंडाकडं बघत राहिला. काकांनी खाटेचा काठ घट्ट धरला होता.

तेवढ्यात आतून, चुलीपासून, काकी ओरडल्या, "आनतो नं जी! कायले बोंबलून राह्यले?"